ग्राफिक्स कार्ड घेण्यापूर्वीचा हिशेब

कापडाच्या धंद्यातल्या माणसापुढे नुसते 'केम्ब्रिक' म्हणून ताका टाकला तर तो लगेच पैसे काढत नाही. सूत कोणत्या काउंटचे, रीड किती, पिक किती, पन्हा किती, हे तो आधी विचारतो. नाव एक असले तरी माल एक नसतो, हे मालेगाव-भिवंडीच्या पोरालासुद्धा कळते. परंतु हाच माणूस संगणकाचा एखादा भाग घ्यायला निघाला की त्याचा चौकसपणा घरीच राहतो. खोक्यावरचे नाव आणि दुकानदाराचा शब्द एवढ्यावर तो पंधरा-वीस हजार रुपये मोजून येतो.

हा विषय आज घेण्याचे कारण सांगतो. आपले कितीतरी तरुण संगणक-दुरुस्ती, जुन्या संगणकांची खरेदी-विक्री आणि गेमिंग पार्लर या धंद्यांत आहेत. मोबाइल आल्यावर सायबर कॅफे ओस पडले. ज्यांनी जागा सोडली नाही त्यांनी त्याच टेबलांवर खेळांचे संगणक मांडले. कोकणातील एका तालुक्याच्या गावचा असाच एक तरुण मागे आमच्याकडे आला. त्याच्याकडे सहा संगणक, सगळे मोठ्या ऑफिसांतून निघालेले. आईच्या बांगड्या मोडून त्याने एक लाख आठ हजार रुपये उभे केले होते. म्हणाला, "चाचा, लॅमिंग्टन रोडला चाललोय. अठरा-अठरा हजारांची सहा कार्डे घ्यायची. फक्त नाव सांगा, कोणते घेऊ?"

आम्ही त्याला बसवले आणि म्हणालो, "बेटा, नाव शेवटी. आधी तुझे गिऱ्हाईक सांग, मग तुझी यंत्रे दाखव." त्या दिवशी झालेली चर्चा इतरांनाही उपयोगी पडेल, म्हणून येथे क्रमाने देत आहोत.

कार्ड करते काय?

संगणकाचा पडदा ठिपक्यांचा बनलेला असतो. नेहमीच्या फुल एच.डी. पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. खेळ सुरळीत दिसायला हे संपूर्ण चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढावे लागते. म्हणजे दर सेकंदाला १२ कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवायचा. हे काम ग्राफिक्स कार्ड करते. चार-के पडद्यावर ठिपके बरोबर चौपट होतात आणि कामही त्याच मानाने वाढते.

यावरून पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी. तुमचा पडदा फुल एच.डी. असेल तर चार-केसाठी बनलेल्या महाग कार्डाचे पैसे वाया जातात. पडदा बदलणार नसाल तर पडद्याच्या मापाचे कार्ड घ्यावे. अंगरख्याला लागते तेवढेच कापड शिंपी फाडतो, तसे.

पहिला प्रश्न : गिऱ्हाईक काय खेळते?

खेळ दोन जातींचे. एक जात स्पर्धेच्या खेळांची : व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ वगैरे. हे मुद्दाम हलके बनवलेले असतात, कारण ते साध्या संगणकावरही चालावेत अशी कंपनीची इच्छा असते. यांत कार्डाइतकेच, कधी कधी अधिकच, काम प्रोसेसरला पडते. २०१५ साली संगणकावर आलेला जी.टी.ए. ५ या खेळालाही आजच्या मानाने फार मोठे कार्ड लागत नाही.

दुसरी जात मोठ्या कथाखेळांची. यांची भूक दरवर्षी वाढते. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल या खेळाच्या किमान गरजेतच ८ जी.बी. मेमरीचे आणि रे ट्रेसिंगचे अंग असलेले कार्ड सांगितले आहे. मे २०२५ मध्ये आलेल्या डूम : द डार्क एजेस या खेळाचेही तेच. रे ट्रेसिंग म्हणजे प्रकाशाचा किरण कुठून निघून कुठे आदळेल याचा हिशेब. हे अंग एन्व्हिडियाच्या आर.टी.एक्स. मालिकेत आहे, जी.टी.एक्स. मालिकेत नाही. एका अक्षराचा फरक, पण त्यावर खेळ चालणे न चालणे अवलंबून.

आम्ही त्या तरुणाला विचारले, "तुझ्याकडे काय खेळतात?" तो म्हणाला, "सगळेच." हे उत्तर चालत नाही. किराणा दुकानदार 'सगळेच विकते' म्हणून गोदाम भरत नाही. आम्ही त्याला एक वही घालून एक आठवडा खुर्चीगणिक नोंद ठेवायला सांगितले : कोणता खेळ, किती तास. कार्डाचा निर्णय त्या वहीने करायचा होता.

दुसरा प्रश्न : यंत्रात काय बसते?

त्याच्या मोबाइलमध्ये संगणकांचे फोटो होते. आठव्या पिढीचा इंटेल आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जी.बी. रॅमची एकच पट्टी, आणि ऑफिसांत असते तशी बारीक, चपटी कॅबिनेट. येथे चार गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली, जागा. चपट्या कॅबिनेटमध्ये नेहमीच्या उंचीचे कार्ड उभे राहतच नाही. तेथे अर्ध्या उंचीचे, म्हणजे लो-प्रोफाइल कार्ड लागते आणि त्यासोबत अर्ध्या उंचीची पट्टीही यावी लागते. कित्येक जण नेहमीचे कार्ड आणतात आणि मग कॅबिनेटचे झाकण उघडे ठेवतात. पट्टी घेऊन लांबी, उंची आणि जाडी मोजावी. शेजारी दुसरी जागा मोकळी आहे का तेही पाहावे, कारण बहुतेक कार्डे दोन खाचांची जागा अडवतात.

दुसरी, वीज. मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डाला नियमाने जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. काही ऑफिस-संगणकांच्या पुस्तिकेत याहूनही कमी मर्यादा दिलेली असते, म्हणून मॉडेल नंबरवरून पुस्तिका पाहावी. याहून अधिक वीज लागणाऱ्या कार्डाला एस.एम.पी.एस.पासून वेगळी वायर लागते. सहा पिनांच्या वायरीतून आणखी ७५ वॅट आणि आठ पिनांच्या वायरीतून १५० वॅट मिळतात. चपट्या ऑफिस-संगणकांचा एस.एम.पी.एस. बहुधा २०० ते २६० वॅटचा असतो, त्याला ही वायर नसते आणि त्याचा आकारही कंपनीचा खास असतो. म्हणजे बाजारातला दुसरा आणून बसवू म्हटले तरी बसत नाही.

येथे एक इशारा. हार्ड डिस्कच्या साटा वायरीला जोड लावून तिची आठ पिनांची वायर करून देणारे कारागीर भेटतात. ती बारीक पिन एवढा प्रवाह सोसण्यासाठी बनलेली नाही. सांधा तापतो, वितळतो आणि आगही लागते. दीडशे रुपयांच्या जोडासाठी दुकान धोक्यात घालू नये.

तिसरी, रस्ता. कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये पी.सी.आय. एक्स्प्रेस नावाचा रस्ता असतो. त्याला पदर असतात : १६, ८ किंवा ४. रस्त्याच्या पिढ्याही आहेत. तिसऱ्या पिढीत एका पदरावरून सेकंदाला सुमारे १ जी.बी. माहिती जाते, चौथ्या पिढीत सुमारे २ जी.बी. आता ए.एम.डी.ची आर.एक्स. ६४०० आणि आर.एक्स. ६५०० एक्स.टी. ही २०२२ ची स्वस्त कार्डे पाहा. दोन्हींना चारच पदर आहेत आणि मेमरी ४ जी.बी. चौथ्या पिढीच्या बोर्डावर त्यांचे निभते. आठव्या पिढीच्या इंटेल संगणकात मात्र रस्ता तिसऱ्या पिढीचा. चार पदरांचे मिळून सेकंदाला ४ जी.बी. कार्डावरची मेमरी भरली की माल मुख्य मेमरीतून आणावा लागतो, आणि मग एकेरी घाटात ट्रकांची रांग लागावी तसा खेळ अडकत अडकत चालतो. खोक्यावर याचा उल्लेख सहसा ठळक नसतो. या दोन कार्डांत व्हिडिओ भरून ठेवण्याचे अंगही नाही, म्हणून ज्याला खेळ चित्रित करून दाखवायचा आहे त्याच्याही ती उपयोगाची नाहीत.

चौथी, प्रोसेसर आणि रॅम. कार्ड कितीही जोरदार असले तरी प्रोसेसरने हुकूम दिल्याशिवाय ते चित्र काढत नाही. हळू प्रोसेसरला मोठे कार्ड जोडणे म्हणजे एका कारागिराच्या हाताखाली दहा मदतनीस उभे करणे. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह सहा कोअरचा आहे, मध्यम कार्डाला तो पुरतो. त्याहून जुन्या संगणकांबद्दल मात्र सावध राहावे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक प्रोसेसरांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशा यंत्रात नवे कार्ड घालणे म्हणजे मोडकळीच्या दुकानाला नवे शटर बसवणे.

इंटेलच्या स्वतःच्या आर्क कार्डांबद्दलही येथेच सांगतो. डिसेंबर २०२४ मध्ये आलेले बी-५८० हे १२ जी.बी. मेमरीचे कार्ड किमतीच्या मानाने चांगले आहे. परंतु आर्क कार्डांना मदरबोर्डात रिसायझेबल बार नावाची सोय चालू असावी लागते. इंटेलच्या बाबतीत ती साधारणपणे दहाव्या पिढीपासून पुढच्या यंत्रांत मिळते. जुन्या ऑफिस-संगणकात ती नसल्यास हेच चांगले कार्ड लंगडते.

एकाच नावाचे दोन माल

आता नावाकडे येऊ. आमचीच फजिती आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी नात्यातील एका मुलासाठी आम्ही जी.टी. १०३० हे कार्ड आणले. २०१७ साली आलेल्या मूळ कार्डाची मेमरी जी.डी.डी.आर. ५ जातीची होती. तिचा वेग सेकंदाला ४८ जी.बी. २०१८ साली त्याच नावाने डी.डी.आर. ४ मेमरीचे कार्ड आले. त्याचा वेग जेमतेम १७ जी.बी. नाव तेच, खोके जवळजवळ तेच, माल एक तृतीयांश. आम्ही दुसरे घेऊन आलो होतो. दुकानदाराने फसवले असे आम्ही म्हणणार नाही. बारीक अक्षरांत सर्व लिहिलेले होते, आम्हीच वाचले नाही. मुलगा काही बोलला नाही, पण त्याने महिनाभरात खेळणे सोडले, तेव्हा आम्हाला उमगले.

असे प्रकार पुष्कळ आहेत. २०१६ च्या जी.टी.एक्स. १०६० मध्ये ३ जी.बी. आणि ६ जी.बी. असे दोन प्रकार होते. लोक समजत की फरक फक्त मेमरीचा आहे. प्रत्यक्षात ३ जी.बी.वाल्यात कोअरही कमी होते : १२८० ऐवजी ११५२. जुन्या बाजारात आर.एक्स. ५८० म्हणून जे विकले जाते त्यातील कितीतरी '२०४८ एस.पी.' प्रकारचे असते. मूळ आर.एक्स. ५८० मध्ये २३०४ अंगे असतात.

आणि आजच्या बजेट-गिऱ्हाइकाच्या कामाचे उदाहरण म्हणजे आर.टी.एक्स. ३०५०. जानेवारी २०२२ चे मूळ कार्ड ८ जी.बी.चे : २५६० कोअर, १३० वॅट, वेगळी वायर हवी. फेब्रुवारी २०२४ चे कार्ड ६ जी.बी.चे : २३०४ कोअर, मेमरीचा रस्ताही अरुंद, पण ७० वॅट आणि वेगळ्या वायरीची गरज नाही. आठ जी.बी.चे कार्ड खेळांत निश्चित पुढे आहे. मात्र ज्याच्या यंत्रात वायरच नाही त्याला मागे असलेलेच कार्ड कामाचे. एकच नाव, दोन माल, आणि कोणता बरा हे तुमच्या यंत्रावर ठरते.

म्हणून दुकानात नुसते '३०५० द्या' म्हणू नये. पाच गोष्टी विचाराव्या : मेमरी किती जी.बी., मेमरी कोणत्या जातीची, मेमरीचा रस्ता किती बिटांचा, कोअर किती, आणि वॅट किती. हीच कार्डाची रीड-पिक.

मेमरी किती असावी?

नव्या मोठ्या खेळांसाठी आज ८ जी.बी. हा तळ समजावा, वरचा टप्पा नव्हे. चार जी.बी.चे कार्ड आता फक्त हलक्या आणि जुन्या खेळांसाठी. ज्याच्याकडे मोठी कॅबिनेट, ४५० वॅटच्या पुढचा चांगला एस.एम.पी.एस. आणि आठ पिनांची वायर आहे त्याला निवड अधिक. ऑक्टोबर २०२१ चे आर.एक्स. ६६०० हे ८ जी.बी., १३२ वॅटचे कार्ड वाजवी भावात मिळाले तर फुल एच.डी. पडद्यासाठी ते आजही कामाचे आहे आणि साध्या खेळांत ३०५० च्या पुढे जाते. २०२५ मध्ये आर.टी.एक्स. ५०५० आणि ५०६० ही ८ जी.बी.ची कार्डे आली. त्याच वर्षी जूनमध्ये आर.एक्स. ९०६० एक्स.टी. आले, तेही पुन्हा एकाच नावाने ८ आणि १६ जी.बी. अशा दोन प्रकारांत. चार-पाच वर्षे टिकवायचे असेल आणि ऐपत असेल तर १६ जी.बी.वाल्याला थोडे अधिक मोजणे शहाणपणाचे.

काही खेळांत चित्र लहान काढून ते युक्तीने मोठे करण्याची सोय असते. एन्व्हिडियाची डी.एल.एस.एस. फक्त आर.टी.एक्स. कार्डांवर चालते. ए.एम.डी.ने २०२१ साली आणलेली एफ.एस.आर. मुळात इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालावी अशी केलेली आहे, मात्र तिचा सर्वांत नवा प्रकार ए.एम.डी.च्या नव्या कार्डांसाठी आहे. स्वस्त कार्डाला याने हातभार लागतो. मात्र जाहिरातीतले मोठे आकडे पुष्कळदा या युक्त्या चालू करून, मधली चित्रे कृत्रिमपणे भरून काढलेले असतात. तुलना करताना दोन्ही कार्डांचे युक्तीशिवायचे आकडे शेजारी ठेवावे.

जुना माल घ्यावा का?

घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने कार्डांच्या जोरावर चालणारी आपली पद्धत बंद केली. तोवर रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे त्यानंतर जगभरच्या जुन्या बाजारांत उतरली. असे प्रत्येक कार्ड खराब असते असे नाही. परंतु त्याचा पंखा झिजलेला आणि आतली उष्णतावाहक पेस्ट वाळलेली असण्याचा संभव मोठा.

त्याशिवाय निव्वळ बनावट मालही आहे. २०१० च्या जी.टी.एस. ४५० किंवा २०११ च्या जी.टी.एक्स. ५५० टीआय कार्डातील बायोस बदलून ते बरेच नवे कार्ड म्हणून विकण्याचे प्रकार झालेले आहेत. संगणकही मग तेच खोटे नाव दाखवतो. यावर उपाय फुकट आहे. जी.पी.यू.-झेड नावाचा छोटा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन जावा. तो अशी बनावट कार्डे बहुधा ओळखतो. शिवाय कोअर, मेमरी आणि बिट किती हे स्वतः दाखवतो, ते मूळ कार्डाच्या आकड्यांशी ताडून पाहावे.

विकणाऱ्याच्या समोर अर्धा तास जड खेळ चालवून पाहावा. पडद्यावर चट्टे, रेषा, रंगीत ठिपके दिसले तर कितीही स्वस्त असो, सोडून द्यावे. चिपभोवती बोर्ड तपकिरी पडलेला असेल किंवा फ्लक्सचा चिकट डाग असेल तर ते कार्ड हीट गनने भाजून जिवंत केलेले असू शकते. असे कार्ड आठवडा-दोन आठवडे चालते आणि पुन्हा मरते. बिल, सीरियल नंबर आणि राहिलेली वॉरंटी जुळवून घ्यावी.

जुन्या कार्डाचे वयही पाहावे. एन्व्हिडियाने जी.टी.एक्स. ९०० आणि १० मालिकांना नव्या खेळांसाठी ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले. ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेची दुरुस्ती मिळणार आहे. म्हणून १०५० टीआय किंवा १०६० घेताना ते भावात दिसले पाहिजे.

जमाखर्च

आता वहीवर येऊ. पुढचे आकडे केवळ नमुन्याचे आहेत, प्रत्येकाने आपले घालावे. समजा एका खुर्चीवरचे कार्ड १८ हजारांचे, तासाचा दर ४० रुपये, महिन्याचे २६ दिवस. नव्या कार्डामुळे त्या खुर्चीवर रोज दोन तास अधिक गिऱ्हाईक बसले तर महिन्याला २,०८० रुपये वाढले. कार्डाचे पैसे सुमारे नऊ महिन्यांत निघाले. एकच तास वाढला तर १,०४० रुपये, म्हणजे दीड वर्षाच्या आसपास. आणि तीच मुले, तेच खेळ, तेवढेच तास राहिले तर पैसे कधीच निघत नाहीत. चित्र देखणे झाले, गल्ला तेवढाच राहिला. या तिसऱ्या उदाहरणाकडे नीट पाहा. धंद्यातली बहुतेक नुकसानी तेथे होते.

विजेचाही हिशेब करावा. ७० वॅटचे कार्ड पूर्ण ताणावर दहा तास चालले तर ०.७ युनिट, १३२ वॅटचे १.३२ युनिट. फरक ०.६२ युनिटचा. सहा खुर्च्या आणि २६ दिवस धरले तर महिन्याला सुमारे ९७ युनिट. शिवाय ही सारी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. १३२ वॅटची सहा कार्डे म्हणजे लहानशा खोलीत जवळजवळ ८०० वॅटचा हीटर. कोकणच्या मे महिन्यात त्यावर पंखा पुरत नाही.

बिल घ्यावे. ग्राफिक्स कार्डावर १८ टक्के जी.एस.टी. आहे. तो वाचतो म्हणून बिनबिलाचा माल घेण्याचा मोह होतो. परंतु बिल नसले तर वॉरंटीचा दावा अवघड होतो आणि नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला भरलेल्या कराची वजावटही मागता येत नाही. वाचलेले अठरा टक्के एका बंद पडलेल्या कार्डात जातात.

विकणाऱ्या बांधवांसाठी दोन शब्द

आमच्या वाचकांत घेणारे आहेत तसे विकणारेही आहेत. मालातील ऐब सांगून विकणे हा आपल्याकडचा जुना दस्तूर. ग्राफिक्स कार्डाच्या धंद्यात तो पाळणे सोपे आहे. बिलावर नुसते नाव लिहू नये. मेमरी, तिची जात, नवे की जुने, उघडलेले की बंद, वॉरंटी किती महिने, हे सारे लिहावे. गिऱ्हाइकाच्या यंत्राचा मॉडेल नंबर विचारल्याशिवाय कार्ड देऊ नये. एखादी विक्री त्याने सुटेल, पण परत आलेल्या मालाचे भांडण टळेल. आणि ज्या दुकानदाराने 'हे तुमच्या यंत्रात बसणार नाही' म्हणून एकदा गिऱ्हाईक परत पाठवले, त्याच्याकडे ते गिऱ्हाईक चार नातेवाईक घेऊन येते.

त्या तरुणाने काय केले?

तो त्या दिवशी लॅमिंग्टन रोडला गेला नाही. गावी परतून त्याने आठवडाभर वही ठेवली. सहापैकी दोन खुर्च्यांवर शाळेची मुले बसत आणि व्हॅलोरंटखेरीज काही खेळत नसत. तो खेळ कमी सेटिंगवर प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवरही चालतो. उरलेल्या चार खुर्च्यांवर जी.टी.ए., फुटबॉल आणि मोटारींचे खेळ, आणि 'चित्र अडकते' म्हणून उठून जाणारी मोठी मुले.

त्याने आधी एकच कार्ड घेतले : अर्ध्या उंचीचे, ७० वॅटचे, ६ जी.बी.चे ३०५०, बिलासह. यंत्राच्या पुस्तिकेत वीज पुरते हे पाहून घेतले होते. बसवल्यावरही खेळ मधूनच थबके. त्याचे कारण कार्ड नव्हते, रॅमची एकच पट्टी होती. दुसरी ८ जी.बी.ची पट्टी घातल्यावर थबकणे गेले. मग त्याने आणखी तीन कार्डे आणली आणि सहाही यंत्रांत रॅमची दुसरी पट्टी घातली. व्हॅलोरंटच्या दोन यंत्रांना तेवढ्यानेच गुण आला, कारण प्रोसेसरच्या आतले ग्राफिक्स मुख्य रॅमवरच चालते आणि दोन पट्ट्या असल्या की त्याला माल दुप्पट रस्त्याने मिळतो.

हे कार्ड २०२५ च्या मोठ्या कथाखेळांना पुरत नाही, हे त्याला ठाऊक आहे. भिंतीवर तसा कागदच लावला आहे : येथे कोणते खेळ चालतात. सहा कार्डांऐवजी चार घेतल्याने जी रक्कम उरली त्यातून रॅमचे पैसे गेले. बाकीचे त्याने आईच्या हाती परत ठेवले.

थोडक्यात, कार्ड घेण्यापूर्वी एवढे करावे :

१) आठवडाभर वही ठेवून कोणता खेळ किती तास चालतो ते पाहावे.

२) पडद्याचे माप, कॅबिनेटची जागा, एस.एम.पी.एस.चे वॅट आणि वायर, मदरबोर्डाच्या रस्त्याची पिढी लिहून न्यावी.

३) नावाखालचे आकडे विचारावे : मेमरी, जात, बिट, कोअर, वॅट.

४) रॅमची पट्टी एकच असेल तर आधी दुसरी घालून पाहावी. तिचाही भाव त्या दिवशी विचारावा, कारण २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव बरेच चढले.

५) अनेक यंत्रे असली तरी पहिल्यांदा एकच कार्ड घ्यावे, आठ दिवस चालवावे, मग बाकीची.

६) बिलाशिवाय नवा माल आणि तपासल्याशिवाय जुना माल घेऊ नये.

कार्डांची नावे दरवर्षी बदलतील. या लेखातील नावेही दोन-तीन वर्षांत जुनी होतील. वही, मोजपट्टी आणि बारीक अक्षरे वाचण्याची सवय मात्र जुनी होत नाही. पैसे मोडायला एक दुपार लागते, उभे करायला वर्षे लागतात. त्या दुपारी घाई करू नये, एवढेच आमचे सांगणे.